मुराळीण

माझी शिदोरीची पाटी विहीणबाईंनी जीपच्या बाकाखाली पायानं सरकवली आणि वर आपली छत्री आडवी टाकली.

"मांडीवर घेते की मी," मी म्हटलं. "अन्न हाय त्यात."

"मांडीवर कशाला? साडीला तेल लागेल," रत्नमालाबाई म्हणाल्या. "आणि खाली सगळं मिळतं, हौसाबाई. हॉटेल आहे, गाणी आहेत, धबधबा आहे. आज तुम्ही आमच्या पाहुण्या. आज शिदोरी-बिदोरी काही सोडायची नाही."

बोलताना हसल्या. त्या कायम हसूनच बोलायच्या. मीही हसले, कारण जावई समोरच बसले होते आणि त्यांच्या शेजारी माझी वैजू खाली मान घालून बसली होती.

ती शिदोरी काय होती ते आधी सांगते. आमच्या भागात दिवाळीला लेकीला माहेरी आणायला जो जातो, तो मुराळी. भाऊ जातो, नाहीतर चुलता. तो रिकाम्या हातानं जात नाही. धपाटी, शेंगदाण्याची चटणी, कानवले असं बांधून नेतो. सासरच्यांनी ती शिदोरी सोडून खाल्ली, की लेक पाठवायची. पाठवायची नसेल तर शिदोरी सोडायचीच नाही, आहे तशी माघारी द्यायची. तोंडानं कुणी नाही म्हणत नाही, भांडण नाही, तंटा नाही. माझ्या सासूच्या सासूपासून असंच चालत आलंय.

दोन वर्षं माझा थोरला, उत्तम, ती पाटी जशीच्या तशी माघारी घेऊन आला होता. वर पेढ्यांचा पुडा. "सोडतच नाहीत गं तिला," म्हणायचा. "तिच्याशिवाय त्यांचं पान हलत नाही." मी तेच गावभर सांगायची. पाणवठ्यावर, दळपाच्या गिरणीत, जिथं चार बायका भेटतील तिथं. माझ्या लेकीशिवाय इंगवल्यांच्या घरात पान हलत नाही. बायका हळहळायच्या आणि मला बरं वाटायचं.

मग एकदा जेवताना उत्तम सहज बोलून गेला, "वैजू काही बोललीच नाही गं या खेपेला. नुसती बसून होती."

वैजू आणि नुसती बसून. लग्नाच्या मांडवात भटजीबुवांना "जरा आटपा की, पाय मोडले माझे" म्हणालेली माझी पोर. माझ्यापेक्षा तिचं तोंड एक बोट लांब आहे असं तिचा बाप म्हणतो. त्या वर्षी मी उत्तमला सांगितलं, तू ऊस बघ. पाटी माझ्या डोक्यावर घेतली आणि यष्टीत बसले. बाई मुराळी म्हणून जात नाही, हे मला माहीत होतं. पण मला ते तोंडावर सांगायची गावात कुणाची छाती नव्हती.

इंगवल्यांच्या दारात पोचले तर सगळे बाहेर निघायच्या तयारीत. जावई धैर्यशीलरावांनी वाकून नमस्कार केला. "आई, काय योग आहे बघा. आज रविवार, आज मोरघळीला लाइव्ह गाणी असतात. तुम्ही आलात म्हणजे दुधात साखर." माझी पाटी त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवली आणि घरात न नेता सरळ गाडीच्या डिकीत ठेवली. उंबरासुद्धा ओलांडू दिला नाही मला, आणि तेही इतक्या गोडीनं की गाडी घाटाला लागेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही.

मोरघळ म्हणजे डोंगराच्या पोटातली खोल घळ. तिन्ही बाजूंना काळा कडा, चौथ्या बाजूनं एकच वळणावळणाचा रस्ता. आपल्या गाड्या वर ठेवायच्या आणि पार्कवाल्यांच्या जीपमधून खाली उतरायचं. त्या दिवसांत पाऊस नुकता मागं फिरला होता. वरच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, सोनकीची पिवळी फुलं नजर पोचेल तिथवर होती. खाली मात्र ऊन नव्हतं. जीप एकेक वळण उतरली तसा एकेक कडा वर गेला, आणि शेवटी डोक्यावर आभाळाचा एक फडका तेवढा उरला. माझे गुडघे तेव्हाच गेलेले होते. ज्या रस्त्यानं उतरले तो मी पायी चढू शकणार नाही, हे मला पहिल्याच वळणाला कळलं.

"जीप वर कधी जात्यात?" मी डायव्हरला विचारलं.

"भरली की जाते, मावशी."

"आई, आत्ताच परतीचं काय काढलंत?" धैर्यशीलराव म्हणाले. "आज संध्याकाळपर्यंत आपण इथून हलायचं नाही."

खाली सिमेंटचं अंगण केलेलं, मध्ये स्टेज, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या. झाडाझाडाला कर्णे बांधलेले. कड्यावरून पाणी पडत होतं त्याचा आवाज, त्यावर बेंजो, ढोलकी आणि माइकवाला. बसायची वेळ आली तेव्हा मी वैजूच्या शेजारची खुर्ची धरली. रत्नमालाबाई म्हणाल्या, "तिथं कर्ण्याखाली कान फुटतील तुमचे, इकडे या." मी उठून इकडे आले तर मध्ये त्या बसल्या. तिकडे वैजू, तिच्या पलीकडे जावई. माझ्या या बाजूला वैजूचे सासरे, आबासाहेब. ते दिवसभरात फार बोलत नसत. बायको बोलायची, ते मान हलवायचे.

वैजूची पर्स जावयाच्या खांद्याला होती. मला पहिल्यांदा कौतुक वाटलं. आमच्या मालकांनी जन्मात माझी पिशवी धरली नाही.

"चहा घेतेस का गं वैजू?" मी विहिणीच्या पुढून वाकून विचारलं.

"तिला चहा सोसत नाही आता," जावई म्हणाले.

"व्हय? कधीपासनं?"

"पित्त होतं तिला. दूध सांगतो मी."

वैजू दूध प्यायली. लहानपणी दुधाचा वास आला तरी नाक धरून परड्यात पळणारी. गळ्याखाली घोट उतरताना तिचं तोंड कडू झालेलं मी पाहिलं. तिनं पेला खाली ठेवला आणि जावयाकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली तेव्हा तिनं ओठ पुसले.

"बारीक झालीस गं."

"नाही आई. बरी आहे मी."

"ती फार खायची," रत्नमालाबाई म्हणाल्या. "धैर्यशीलनं सवय मोडली."

पुढं पाणी बघायला म्हणून सगळे कठड्यापाशी गेलो. पाण्याचा आवाज इतका होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. म्हटलं, बरं झालं, इथं तरी कानात बोलता येईल. मी वैजूच्या डाव्या अंगाला गेले. उजव्या अंगाला जावई, तिचं कोपर हातात धरून उभे.

"सोडा की जरा, पोरगी काय पाण्यात उडी मारतीय?" मी हसत म्हटलं.

"निसरडं आहे, आई," ते म्हणाले. आवाजात इतकी माया की शेजारच्या बाईनं आपल्या नवऱ्याकडं रागानं पाहिलं. पण कोपर सुटलं नाही.

मग मी बायकांची युक्ती काढली. "वैजू, मला मोरीपर्यंत ने गं. पायऱ्या हायत, मला एकटीला जमायचं न्हाई."

"चला ना, मीही येते," रत्नमालाबाई उठल्या.

तिघी गेलो, तिघी आलो. परत येताना पायऱ्यांवर वैजूनं माझा हात धरला होता. मी हळूच तिचा तळवा दाबला. लहानपणी असा दाबला की ती दोनदा दाबायची. तिनं दाबला नाही. नुसता हात माझ्या हातात होता, भाकरी थापायच्या आधीच्या गोळ्यासारखा.

पुन्हा त्याच खुर्च्यांवर येऊन बसलो. पुन्हा मध्ये विहीण. कर्ण्यातून एकामागून एक गाणी. मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी बसले आहे, जिथं उठावंसं वाटलं तर कुणाच्या बापाला न भिता उठून चालती झाले आहे. त्या दिवशी मात्र उठून जायचं तरी कुठं? पाय साथ देत नाहीत, रस्ता एकच, आणि जिच्यासाठी आले ती दोन हातांवर असूनही मला भेटत नव्हती.

जेवायची वेळ टळून गेली तरी हॉटेलवाल्याचं ताट येईना. रविवारची गर्दी, त्यात त्यांचा गॅस संपला होता. जावई दोनदा जाऊन ओरडून आले. आबासाहेबांना साखरेचा आजार. गोळी त्यांनी वेळेवर घेतली होती, आणि पोटात काही नाही. पहिल्यांदा मला वाटलं त्यांना थंडी वाजतेय. मग बघितलं तर कपाळावर घाम आणि हातातला रुमाल थरथरतोय.

"आबासाहेब, चक्कर येतीय का?"

"थोडी," ते म्हणाले.

"धैर्यशील, अरे, यांच्यासाठी बिस्किटं बघ," विहीणबाई उठल्या आणि मुलामागं हॉटेलकडं निघाल्या. दिवसभरात त्या माझ्या आणि वैजूच्या मधून पहिल्यांदाच हलल्या होत्या. पण त्या घडीला माझं लक्ष वैजूकडं नव्हतं. माणूस डोळ्यांदेखत पांढरा पडत होता. पाटी जीपमधून उतरवून खुर्चीमागं ठेवलेली होती. मी ती ओढली, फडकं सोडलं आणि एक कानवला त्यांच्या हातात दिला.

त्यांनी हातातल्या कानवल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तुम्ही मुराळी म्हणून आलाय ना?"

"व्हय. पण आता ते जाऊ द्या, आधी खावा."

"जाऊ कशाला द्यायचं? मी याच भागातला आहे, बाई. शिदोरी म्हणजे काय ते मला कळतं," असं म्हणून त्यांनी कानवला खाल्ला. सावकाश, शेवटच्या कडेपर्यंत. मग दुसरा मागितला. मग म्हणाले, "धपाटं आहे का? चटणीबरोबर द्या."

विहीणबाई मुलाबरोबर बिस्किटाचा पुडा घेऊन आल्या तेव्हा त्यांचा नवरा चटणीचं बोट चाटत होता.

"हे काय केलंत?" त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांचं हसू पहिल्यांदा गेलं.

"भूक लागली होती," आबासाहेब म्हणाले.

मी पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "जावईबापू, शिदोरी सुटली. खाल्ली बी तुमच्या वडलांनी. आता रीतीपरमाणं मी माझ्या लेकीला दिवाळीला घेऊन जाते. इथनंच वर जीप, वरनं यष्टी. कपडे तिचे घरी हायत माझ्या, लग्नाआधीचे. बारीक झालीय, बसतील तिला."

धैर्यशीलराव खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले, माझे दोन्ही हात हातात घेतले.

"आई, रीत-बीत राहू द्या. मी कधी अडवलंय का? उत्तमरावांनाही मी हेच सांगितलं होतं. वैजयंताला यायचं असेल तर आत्ता न्या. तुम्ही तिलाच विचारा ना."

"विचारायचं काय त्यात?"

"असं कसं? माणूस आहे ती. तिच्या मनाविरुद्ध मी तिला धाडणार नाही." मग तिच्याकडं वळून, अगदी हळू, "वैजयंता, जायचंय का तुला?"

वैजूनं त्यांच्याकडं पाहिलं. फार वेळ नाही, पापणी लवेल एवढंच. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "नाही आई. मला इथेच बरं वाटतं. तू जा."

"बघा," जावई म्हणाले. माझे हात थोपटले आणि उठले.

माझी मुलगी, माझ्या तोंडावर, माझ्या दिवाळीला नाही म्हणाली. मला आधी राग आला तो तिचाच. दोन वर्षं पेढ्यांचे पुडे खाल्ले, तिसऱ्या वर्षी बाईमाणूस असून डोक्यावर पाटी घेऊन आले, ते हे ऐकायला. म्हटलं चुलीत जा. तुला बरं वाटतंय ना, मग बस दूध पीत. मी पाटीचं फडकं बांधायला घेतलं. गाठ बसेना.

तेवढ्यात माइकवाला बोलायला लागला. "आता आपल्या पार्कचे स्नेही, ज्यांच्या हस्ते या स्टेजचं उद्घाटन झालं, ते धैर्यशील इंगवले साहेब आपल्यासाठी एक गीत सादर करतील." टाळ्या पडल्या. जावयाला गाण्याचा शौक होता, गळाही बरा होता. त्यांनी नको नको केलं, सदऱ्याची बाही नीट केली आणि निघाले. जाताना वैजूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्यासाठी गातो. हलू नकोस."

हलू नकोस. प्रेमानंच म्हणाले. पण मी तेव्हा वैजूच्या खांद्याकडं बघत होते. हात ठेवला तसा तो खांदा खाली गेला, आणि हात उचलला तरी वर आला नाही.

ते स्टेजवर चांदण्याचं कसलंतरी गाणं म्हणायला लागले. नजर सारखी इकडं. आणि फडक्याची गाठ हातात धरून मी विचार केला तो इतकाच, की तिला विचारून कसं चालेल? तिनं हो म्हटलं, तर ते तिनं म्हटलेलं होणार. मग उद्या, परवा, जन्मभर त्या घरात त्या एका 'हो'चा जाब तिला द्यावा लागणार. कुलूप त्यांनी तिच्याच तोंडाला घातलं होतं आणि उघड म्हणून तिलाच सांगत होते.

मी उठले. रत्नमालाबाईंच्या पायावरून पलीकडं गेले आणि वैजूचं मनगट धरलं.

"ऊठ."

"आई, मी सांगितलं ना, मला नाही—"

"तुला कुणी विचारलंय?" मी असा आवाज काढला की तीन रांगा मागं वळल्या. "कालची पोर, मला नाही म्हणतीस? तुझा बाप दारात बसलाय वाट बघत. भाऊ दोन वर्षं हेलपाटे घालतोय. म्हातारी आई गुडघे फोडत आली, आणि तुला इथं गाणी ऐकायची हायत? ऊठ म्हणते ना."

"आई, लोक बघतात—"

"बघू द्यात. कशी निगरगट्ट पोर पोसली मी, बघू द्यात सगळ्यांनी. शेफारलीस तू. सासरी लाड झाले म्हणून आईला विसरलीस."

मागच्या रांगेतल्या एका बाईनं विचारलं, "काय झालं ओ, मावशी?"

"काय व्हायचंय? सोन्यासारखा जावई म्हणतोय घेऊन जा, सासऱ्यानं शिदोरी खाल्ली, आणि ही महाराणी माहेरी यायला नको म्हणतीय. दिवाळीला."

"जा की गं बाळ," ती बाई म्हणाली. "आई कायम पुरत नाही."

"जा, जा," आणखी दोघी बोलल्या.

"वैजयंता, खाली बस," रत्नमालाबाई म्हणाल्या. "धैर्यशीलचं गाणं होऊ दे."

"रत्ना," आबासाहेब म्हणाले, "जाऊ दे तिला. शिदोरी खाल्लीय आपण."

"आपण नाही, तुम्ही. तुम्ही गप्प बसा."

"गप्पच बसतो मी नेहमी. आज तूही बस." आणि माझ्या रिकाम्या खुर्चीवर सरकून त्यांनी बायकोच्या पुढ्यात पाय लांब केला. असा, की विहीणबाईंना रांगेतून बाहेर पडायला जागाच उरली नाही.

मी वैजूला ओढलं. ती उठली. मी शिव्या थांबवल्या नाहीत, एका दमात दुसरी, जितक्या येत होत्या तितक्या. घोडी म्हटलं, कृतघ्न म्हटलं, तुझ्या बापानं तुला शेफारवली म्हटलं. ती "नको आई, नको ना" म्हणत होती आणि मी खुर्च्यांमधून तिला फरफटत नेत होते. लोक पाय आवरून वाट देत होते, कुणी हसत होतं, कुणी पोरांना बाजूला घेत होतं.

स्टेजवरचं गाणं अडखळलं. ढोलकीवाला तेच तेच वाजवत राहिला. मग सगळ्या झाडांवरच्या कर्ण्यांतून एकदम तिचं नाव आलं.

"वैजयंता."

ओरडले नाहीत ते. नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाले. पण कर्ण्यातून ते तिन्ही कड्यांवर आपटून आलं. पाण्यासारखं वरून पडलं आमच्यावर. वैजू जागच्या जागी थांबली. मी ओढलं, पण ती हलेना. पंचवीस वर्षांची बाई, दगड झाली माझ्या हातात. समोर जीप उभी होती, विसेक पावलांवर, आणि मला पुढं जाता येईना की मागं.

मला तेव्हा एकच भीती वाटली. मी सोडलं तर ती परत जाऊन त्या खुर्चीवर बसेल, आणि पुढच्या वर्षी मी पाटी घेऊन आले तर ती मला दारातच दूध देईल.

माइकवाला भला माणूस होता. त्याला वाटलं, घरची थट्टामस्करी चाललीय. तो साहेबांच्या हातातल्या माइकाजवळ वाकून म्हणाला, "मंडळी, सासूबाई वहिनींना दिवाळीला पळवून नेतायत. काय करणार साहेब, हा कायदा सगळ्या जावयांना लागू आहे. गाणं पूर्ण करा, भाऊबीज झाली की भेटतीलच. एकदा टाळ्या होऊन जाऊ देत आपल्या इंगवले साहेबांसाठी."

सगळं अंगण हसलं. टाळ्या वाजल्या. धैर्यशीलरावांनीही हसून हात जोडले. दुसरं काय करणार होते? माइक हातात, दोनशे माणसं समोर, आणि बायकोला माहेरी धाडणारा दिलदार नवरा म्हणून टाळ्या. ढोलकीवाल्यानं ताल दिला आणि त्यांना पुढचं कडवं धरावं लागलं.

त्या टाळ्यांत वैजूच्या बोटांनी माझा हात धरला. धरला म्हणजे असा, की माझ्या हातातली काचेची बांगडी पिचली आणि काच तळव्यात रुतली. तोंडानं ती अजून "नको आई, मला नको नेऊ" म्हणत होती, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि चालत होती माझ्यापुढं. मला ओढत होती.

मी शिव्या देत जीपमध्ये चढले. तिला माझ्या बाजूला दाबून बसवली. जीपमध्ये दुसरं कुणी नव्हतं, सगळी माणसं गाण्याला बसलेली.

"भरल्याशिवाय जात न्हाई मावशी," डायव्हर म्हणाला.

"सगळ्या बाकांचं भाडं मी देते. चल बाबा."

त्यानं माझ्या हाताकडं पाहिलं. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं होतं. काही न बोलता त्यानं जीप चालू केली.

पहिलं वळण गेलं. वैजू म्हणत होती, "नको आई." दुसरं वळण गेलं. ती म्हणत होती, "मला नाही यायचं." सवय लागल्यासारखी, डोळे समोर ठेवून, एका सुरात. खाली गाणं चालूच होतं, कड्याआडून तुटक तुटक ऐकू येत होतं.

तिसऱ्या वळणाला डायव्हरनं ब्रेक दाबला. जीप रस्त्याच्या कडेला घेऊन उभी केली आणि आमच्याकडं वळून बसला. चाळिशीचा, शांत माणूस होता.

"मावशी, राग मानू नका," तो म्हणाला. "ताई मगापासून नको म्हणतायत. मी कुणाला जबरदस्तीनं न्यायचो नाही." मग माझ्यावरून नजर काढून त्यानं तिला विचारलं, "ताई, तुम्ही सांगा. मागं फिरवू का?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. जन्मात इतकं अवघड काही केलं नाही मी. याही माणसानं तिलाच विचारलं होतं. पण याच्या हातात तिची पर्स नव्हती, आणि मागं गेली काय, वर गेली काय, त्याला त्याचं काही नव्हतं. जे मी तिच्यापासून काढून घेतलं होतं, ते त्यानं परत तिच्या ओंजळीत ठेवलं होतं. ती काय करील ते मला माहीत नव्हतं.

जीपचं इंजिन नुसतं धडधडत होतं. कड्यावरून झिरपलेलं पाणी टपावर ठिबकत होतं. वैजूनं माझा हात उलटा केला, तळव्यातला काचेचा तुकडा नखानं काढला आणि जीपबाहेर टाकला. पदराचं टोक माझ्या तळव्यावर दाबून धरलं. मग डायव्हरकडं पाहिलं.

"चला वो दादा," ती म्हणाली. "वर जास्तोवर थांबवू नगा आता."